आधी हात

कराडच्या धावपट्टीवर, जानेवारीत, सूर्य यायच्या आधी
आत्तार मॅडम शेपटापाशी वाकतात,
ट्रिमची ती अरुंद पट्टी बोटानं वर-खाली करून बघतात.
"हीच ती. हिच्याशी भांडायचं नाही."

मी भांडले.

साडेचार हजार फूट. ऑटोपायलटला उंची बांधून दिलेली.
खाली कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडत होत्या,
कारखान्याचा धूर आडवा पडलेला.
आगाशिवच्या अंगावरनं वारा चढला
आणि नाक उचललं, जरासंच.
मला राहवलं नाही.
ऑटोपायलट न सोडवताच मी दांडा पुढं दाबला, दाबत राहिले.

दोन सीटांच्या मधलं चाक फिरायला लागलं,
सावकाश, स्वतःशीच.
मी दाबेन तेवढं ते उलट मांडत गेलं,
वाण्याच्या वहीत उधारी चढावी तसं,
न बोलता.

मग घाबरून लाल बटण दाबलं
आणि त्याच क्षणी हातही ढिला सोडला.

सगळी उधारी एका दमात वसूल.
नाक आभाळात. आगाशिव नाही, नद्या नाहीत.
वेगाचा काटा पंचावन्नच्या खाली,
स्टॉलचा भोंगा कोकलतोय.
"दाब. दोन्ही हातांनी.
आता चाक पुढं. अजून. अजून."
मॅडमचा आवाज मेथी निवडताना असावा तसा.

उतरल्यावर त्या रागावल्या नाहीत.
ट्रिमच्या ब्रेकरवर त्यांनी लाल टोपी बसवलीय,
डोळे मिटून सापडेपर्यंत तिथंच हात न्यायला लावला.
"एक तर तू धर, नाहीतर त्याला धरू दे.
दोघांनी धरलं की विमान कुणाचंच नसतं.
आणि सोडवताना आधी मूठ, मग बटण."

संध्याकाळच्या एसटीनं मसूरला आले.
तात्या लेझीम पथकाचे सदरे शिवत बसलेले.
लहानपणी मशीनवर बसले की ओरडायचे,
"ओढू नकोस गं कापड, दाते नेत्यात की त्याला,
सुई मोडंल."
ते आठवलं. सांगितलं मात्र काहीच नाही.
"कसं झालं आज?"
"चांगलं."

उंबऱ्यावर बसून बघत राहिले.
मोटार बसवून चार वर्षं झाली मशीनला.
थांबायचं असलं की तात्या
आधी चाकावर तळवा ठेवतात,
मग पाय उचलतात.