अठ्ठ्याण्णव

इंदूर, रामबागेतली शाळा, इयत्ता आठवी.
एका थर्मामीटरला अकरा जणी.
स्पिरिटच्या दिव्याची ज्योत उन्हात दिसायची नाही,
जाळी लाल झाली की कळायचं, आहे.

पोतनीस सरांनी बीकरमध्ये कौलाचे तुकडे टाकले,
पाणी उसळू नये म्हणून,
आणि म्हणाले, दर मिनिटाला वाचायचं.
डोळा पाऱ्याच्या रेषेत. वरून नाही, खालून नाही.

त्र्याऐंशी. एक्क्याण्णव. शहाण्णव.
मग अठ्ठ्याण्णव,
आणि पारा तिथेच बसला,
जेवणानंतर पायरीवर माणसं बसतात तसा.
पाणी तर केव्हाचं खदखदत होतं.
आम्ही वात वर ओढली. नुसती वाफ वाढली,
कुमुद पागेच्या चष्म्यावर जमली.

पुस्तकात शंभर होतं.
आम्ही दहा जणींनी शंभर लिहिलं.
मी तर शेवटची तीन मिनिटं हळूहळू चढवत नेली:
साडेअठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर.
फार सुबक आलेख आला.
हेमलता चौरसियाने अठ्ठ्याण्णव लिहिलं,
खोडलं, पुन्हा तेच लिहिलं.
कागद तिथे विरून गेला होता.

सर रागावले नाहीत.
तो विरलेला कागद उजेडासमोर धरून म्हणाले,
रविवारी स्टेशनवर जा. पिवळ्या पाटीवर
गावाच्या नावाखाली बारीक अक्षरं असतात.

गेलो. प्लॅटफॉर्म तिकिटाला वर्गणी काढली.
समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर.
मी इथेच जन्मले, पण मी उंचावर राहते
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
सायकल चालवताना तर सगळं सपाट वाटायचं.
हवा इथे जरा विरळ, सर सोमवारी म्हणाले,
पाण्याला शंभरपर्यंत जावं लागत नाही.
आणि फळा पुसला.

त्या मे महिन्यात पुण्याला मावसबहीण हसली,
मी 'आम्ही येऊन राहिलो' म्हणाले म्हणून.
तुमचं मराठी थोडं कच्चंच राहतं ना गं, म्हणाली,
आणि मावशीने तिला गप्प केलं, स्वतः हसत.
मी आंब्याची कोय चोखत राहिले.

परतताना गाडी लागायला वेळ होता.
फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेले,
पुण्याची पाटी वाचली.
फरक जेमतेम पाच-दहा मीटरांचा.
बाबा लांबून हाका मारत होते,
तरी दुसऱ्यांदा वाचली.

तिच्याही वहीत शंभरच असणार.