कुठवर

वाचनालयातल्या गोसावींनी शिक्का मारला
आणि म्हणाले, रात्री वाचू नका हं हे.
मी हसले. बावीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासते मी.
कागदात लपलेलं वाचणं हीच नोकरी:
उजेडासमोर धरलं की उगवतं पाणचिन्ह,
नाही उगवलं तर ताव बाजूला.
लपलेल्याची मला भीती नाही.

कादंबरीत एक बाई आहे. तिला नाव नाही.
एका सकाळी तिच्या खुंटीवर
ओला रेनकोट.
तिचा नाही, कुणाचाच नाही, बाहेर रणरणतं ऊन.
ती तो पिळते, गच्चीत वाळत घालते,
सकाळी पुन्हा खुंटीवर, ओला.
एवढंच. खरं तर काहीच घडत नाही.
तरी मी उठून आपली खुंटी बघून आले:
छत्री, पिशवी, हेरंबचा शाळेपासूनचा मफलर.

माझ्याआधी कुणीतरी शिसपेन घेऊन वाचलंय.
बारीक, तिरकं, मास्तरी अक्षर.
पान नऊ: रेनकोट = नवरा.
पान चाळीस: नवरा नव्हे, आई? खुंटीकडे लक्ष.
पान अठ्ठ्याऐंशी: खुंटी = मान. देवा.
एकशे एकतीसवर, समासात, नुसतं बरोबरचं चिन्ह,
आणि त्यापुढे
शेवटच्या पानापर्यंत शिसपेन नाही.
ते पान मी ट्यूबलाइटसमोर धरलं, सवयीनं.
एक थेंब वाळून कागद फुगलेला, बस.

डब्याच्या सुट्टीत शशिकला पगारेला सांगितलं.
ती म्हणाली, कोट म्हणजे कोट गं.
एवढ्या नोटा हातावरून गेल्या,
एकीला तरी अर्थ विचारलास? मोजतेस ना नुसती?

मोजतेस ना.
घरी येताना ते डोक्यात, आणि दुतोंड्या मारुती.
धरणातून पाणी सोडलं की
वडील आम्हाला लुनावरून गंगेवर न्यायचे,
मी मागे, हेरंब पुढे उभा.
पुलावर सगळं गाव लोटलेलं,
आणि सगळ्यांच्या तोंडी एकच: कुठवर आलंय?
गुडघ्याला. कमरेला. छातीला लागलं, छातीला!
हा मारुती कशाचं प्रतीक,
असं कुणी विचारलं असतं
तर लोकांनी दंड धरून त्याला कठड्यापासून मागे ओढलं असतं.

मग मी पुस्तक पहिल्यापासून धरलं.
समासाकडे न बघता. फक्त पाणी बघत.
पान नऊ: फरशीवर तळहाताएवढं.
चाळीस: पायपुसणं भिजलेलं.
अठ्ठ्याऐंशी: पलंगाखालच्या ट्रंकेची कडी बुडाली.
आणि बाई चहा गाळते आहे.
बाई फोनवर कुणाशी तरी हसते आहे.

रात्रीचे दोन. स्टेशनाकडे मालगाडी शंटिंग करते.
हेरंबच्या दाराखाली उजेडाची रेघ.
दोन वर्षं, चार महिने.
आधी तो जेवायला बाहेर यायचा.
मग ताट दारात. मग अर्धं ताट परत.
मग मीच ताटावर झाकण ठेवायला लागले,
किती उरलंय ते दिसू नये म्हणून.
कुणी विचारलं तर सांगते, घरूनच काम करतो ना तो.

मी दार वाजवलं.
जेवलास का, असं नाही विचारलं.
म्हटलं, हेरंब, कुठवर आलंय रे?

बराच वेळ काही नाही.
मग खुर्ची सरकली, आणि दाराच्या अगदी जवळून,
लुनावर उभं राहून ओरडणारा तो आवाज नव्हे,
पण त्याचाच:
ताई, छातीच्या वर.

दाराला पाठ लावून मी खाली बसले.
पुस्तक गुडघ्यावर उपडं, एकशे एकतीसवर.
डिसेंबरची फरशी, गार.
तिच्यावरून हात फिरवून बघितला:
कोरडी.
पुन्हा फिरवला.