खाडा

तवाऊपासून दोन तास आत, तेलताडाच्या मळ्यात
मी काट्यावर बसतो. सतरा वर्षं झाली.
ट्रॅक्टरवरून घड येतात, काटेरी, तांबडे,
आणि गोण्यांमधून सुटी फळं,
झाडाखाली घरंगळलेली, सुपारीएवढी.
मी बाईचा नंबर लिहितो. वजन लिहितो.
गोणी कुणी भरली, याला रकाना नाही.

सुटी फळं वेचायला लहान बोटं बरी पडतात
हे मुकादमाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे.
तपासणीला साहेब येतात त्या दिवशी
मळ्यात एकही मूल नसतं.
तेही आम्हां दोघांना आदल्या दिवशीच ठाऊक असतं.

बेस्से अकरा वर्षांची. किंवा बारा.
आई तेनरी, समुद्रापलीकडची बुगिस,
तिच्या परवान्यावर फोटो, अंगठा, शिक्के
आणि खाली एक अट:
कामावर असेतो इथे संसार थाटायचा नाही.
बेस्से त्या अटीखालच्या कोऱ्या जागेत जन्मली.
रांगेतल्या खोलीत, कंदिलावर.
सुईण पुढे तापानं गेली.
निकाह लावला त्यानंही मळा बदलला.

पत्र्याच्या शाळेतले गुरुजी म्हणाले,
उशिराच्या नोंदीचा अर्ज असतो,
फक्त इथे जन्मल्याचं काहीतरी लेखी हवं.
तशी ती संध्याकाळी माझ्याकडे आली,
तळव्यांना तेल, टाचा केशरी.
"तुमच्याकडे सगळं लिहिलेलं असतं ना?"

माळ्यावरच्या वह्या उंदरांनी कडेकडेनं खाल्लेल्या.
तिसऱ्या रात्री सापडलं.
नंबर चारशे सतरा.
मंगळवार, नऊ गोण्या.
बुधवार, खाडा. मजुरी कापली.
गुरुवार, चार.
शुक्रवार, पुन्हा नऊ.
अक्षर माझंच.
त्या बुधवारचं मला काही म्हणजे काही आठवत नाही.
पाऊस होता का, ओरडणं ऐकू आलं का.
कापायची म्हणून कापली असणार.
शेऱ्याचा रकाना कोरा.

कचेरीत चौथ्या खिडकीत बसलेला पोरगा वाईट नव्हता.
वही त्यानं हळू उलटली, पानं फाटतील म्हणून.
"पण ही गैरहजेरीची नोंद आहे," म्हणाला,
"कुणी नव्हतं, याची.
कुणी आलं, याची आणा.
आणि आईला समक्ष आणा."
आई समक्षच होती,
रस्त्यापलीकडे, मासळीवाल्याच्या छपराखाली,
पोलिसाच्या गाडीकडे पाठ करून
एकाच बांगड्याचा भाव पुन्हा पुन्हा विचारत.

परतताना जीपमध्ये बेस्से बोटं मोडत होती.
"बुधवारच्या नऊ माझ्यामुळे गेल्या.
गुरुवारच्या पाच.
चौदा गोण्या किती किलो होतात?"
वीस धरले तर दोनशे ऐंशी, मी म्हणालो.
"म्हणजे तेवढी मी आहे,"
ती म्हणाली, गंमत केल्यासारखी नाही,
काट्यावर मी आकडा सांगतो तशी,
आणि खिडकीबाहेर बघत बसली.
बाहेर ताड. ताडामागे ताड.
प्रत्येक झाडाला पांढऱ्या रंगात नंबर,
लावल्याचं साल.

तेनरी पुढच्या सीटवर. तिला आमची मोजदाद कळत होती.
तिनं इतकंच विचारलं,
त्या दिवसाची मजुरी आता मिळेल का.

रात्री वही परत माळ्यावर टाकायला शिडी लावली
आणि तिथेच, शिडीवर, उघडली.
मागाहून काही लिहिणं म्हणजे नोकरी जाते.
कधी लिहिलं नाही.
बुधवारसमोर शेऱ्याची जागा तशी पुष्कळ आहे,
एक ओळ सहज मावेल, नावासकट.
पेन चालेना.
मी ते झटकलं.