एकच हात

तुर्भ्याच्या शेडमध्ये दत्ताराम पांचाळ
डालड्याच्या डब्यात मेण वितळवतो.
डबा गरम पाण्यात, आचेवर नाही.
मग स्टोव्हपासून लांब नेऊन टर्पेंटाइन,
चिमूटभर काव, नखभर काजळी.
“रंग न् मेण एकदमच. एकच हात.
दुसरा मागायचा नाही.”

समोर वाशीच्या घराचं दार.
इमारत पाडली, दार मी उचलून आणलं,
टेबल होईल म्हणून.

गंजीफ्रॉकचा बोळा रेषांच्या कलाने फिरतो.
लाकूड पितं.
पाटीमागचा चौकोन मात्र
रंधा मारूनही फिकाच,
कोपऱ्यांत स्क्रूची दोन भोकं.

पांचाळ थांबतो.
“इथे मारू अजून एक?”

नको.
आई चहाचा कप नेमका तिथेच ठेवेल,
किंवा कधीच ठेवणार नाही.