राखलेलं गवत

कर्नल गोम्बोसुरेन निवृत्त झाले
आणि आमच्या सूमचे, तालुकाच म्हणा, प्रमुख झाले,
तेव्हा कचेरीत पाऊल टाकताच
त्यांनी दुर्बीण मागितली.
मी म्हणालो, साहेब, इथे लांबचं काय बघायचंय?
शेगडी, शिक्का, आणि दारात ताटकळलेली माणसं.
ते हसले नाहीत. मी त्यांचा ड्रायव्हर,
हसवायचा पगार मला नव्हता.

बावीस वर्षं त्यांनी सरहद्द राखली होती.
रोज संध्याकाळी वहीत एकच ओळ:
कोणी आलं नाही. कोणी गेलं नाही.
कचेरीच्या वहीत ही ओळ कुठेच बसेना.
कुणाची पेन्शन अडलेली, शाळेचा बॉयलर फुटलेला,
विहिरीवरून डोकी फोडून आलेले सख्खे भाऊ,
सगळ्यांचं ते उभ्यानेच ऐकत
आणि शेवटी म्हणत, "रिपोर्ट मिळाला."
लोक बाहेर येऊन मला विचारत,
म्हणजे हो, की नाही?

मग तो हिवाळा आला.
बर्फावर पाऊस, पावसावर पुन्हा बर्फ,
गवत काचेखाली गेलं.
मेंढ्या उभ्याउभ्याच मेल्या,
वाऱ्याकडे पाठ करून.

त्सेरेनखंद म्हातारीने पोतं आणलं
आणि त्यांच्या टेबलावर उपडं केलं.
कापलेले कान.
"मोजून घ्या. भरपाई नको मला.
चाळीस अजून श्वास घेतायत, त्यांचं बोला."
त्यांनी मोजले. एकेक.
तासभर कचेरीत कुणी खोकलं नाही.
दोनशे सहा.
एका कानात लाल दोरा होता,
तो त्यांनी बाजूला ठेवला.

रात्री चौकीला फोन लावला.
मी शेगडीत शेण्या घालत होतो, ऐकलं.
तारांपलीकडच्या पट्ट्यात वारा बर्फ टिकू देत नाही,
तिथे गुडघाभर गवत,
बावीस वर्षं कुणाच्या दाताला न लागलेलं.
पलीकडून तरणा कॅप्टन म्हणाला,
"साहेब, तो नियम तुम्हीच माझ्याकडून
पाठ करून घेतला होता."
तार बराच वेळ नुसती गुणगुणत राहिली.
"हो," ते म्हणाले, "पण आता मी साहेब नाही.
अर्जदार आहे.
अर्ज कसा लिहायचा, तेवढं सांग."

परवानगीला नऊ दिवस लागले.
चाळिसातल्या सतरा उरल्या.
फाटक उघडलं तरी त्या पुढे जाईनात,
तारेची सावली बर्फावर पडलेली,
तिलाच हुंगत उभ्या.
मग कर्नल एकटेच ती ओलांडून गेले,
गुडघ्यावर बसले, मूठभर गवत उपटलं
आणि नुसतं हातात धरून राहिले.
त्सेरेनखंद काही बोलली नाही.
पहिली मेंढी निघाली.

त्या संध्याकाळी वहीत त्यांनी लिहिलं:
सतरा गेल्या.
मग पेन उचललं, ठेवलं,
पुढचं काही लिहिलं नाही.

पुढच्या निवडणुकीत ते एक्केचाळीस मतांनी पडले.
नऊ दिवस का लागले, लोक विचारत होते.
बरोबरच होतं. मीही विचारलं होतं एकदा, गाडीत.
"रिपोर्ट मिळाला," म्हणाले.

दुर्बीण माझ्याकडेच राहिली.
हरवलेले उंट शोधायला
ती बरी पडते.