दुधाचा दात

नेब्रास्काच्या तक्त्यात रात्री मोजतात.
एकशे अकरा माझ्या, उरलेल्या कोरीनच्या.
पगार, विमा, दवाखाना, सगळ्याला रकाना;
बेरीज झाल्यावर कारकून म्हणाली, इथं सही.

रविवारी सहाला, कॅन्ससच्या हद्दीवरचा पेट्रोल पंप.
गाडीतून उतरता उतरता ओपल थबकली,
तोंडात बोट घातलं
आणि माझ्या तळहातावर ठेवला
मक्याच्या कोवळ्या दाण्याएवढा,
जरा रक्त लागलेला.

"कुठल्या उशीखाली?"

कोरीननं इंजिन बंद केलं.
कितीतरी महिन्यांनी.
हुकूमनाम्यात नाताळ होता, वाढदिवस होते,
शाळेचे बूटसुद्धा.
आम्ही तिघं बॉनेटला टेकून
कागदी रुमालाकडे बघत राहिलो.

सहा वाजून वीस.
दात तिकडे गेला.
नाणं मात्र माझ्याकडून मागून घेतलं कोरीननं,
पावती न देता.