दोन बोटं राख

मागच्या वर्षी भट्टी उलटी फुंकायची.
लाकडं सुकी, जांभ्याला तडा नाही,
तरी धूर अर्ध्या वाटेवरून माघारी यायचा,
पिठात बसायचा, पावात बसायचा,
रुजायमावशीच्या डोळ्यांत तर मुक्कामालाच.
खानापूरच्या बाजारात एक गिऱ्हाईक म्हणालं,
"हा पाव आहे, की सुका बांगडा?"

दस्तगीर उद्यमबागेतून सुट्टी झाली की बस धरून यायचा.
जुन्या नळकांड्यावर त्यानं तळहात ठेवला,
बराच वेळ.
"गार आहे हो. धुराला हुडहुडी भरते.
गारठला की जड होतो,
जड झाला की घरी येतो."

म्हणून आत सहा इंची नळ
आणि बाहेर तेलाचे अकरा डबे, तळ कापून,
एकावर एक.
त्यांच्यावरची सूर्यफुलं अजून दिसतात,
चौथ्यावरचं उलटं.
मध्ये चहूकडून दोन बोटं मोकळी.

त्या दोन बोटांत काय भरायचं
यावर आठवडा गेला.
काचेची लोकर बेळगावात मिळते;
भाव विचारला, चहा प्यायलो, परत आलो.
वाळू जड. भुसा पेटेल.
मग भातगिरणीमागचा ढीग आठवला,
जळून पांढरी झालेली तुसाची राख,
जी गिरणीवाला फुकट देतो
आणि नेल्याबद्दल वर हात जोडतो.

राख चाळली. कुंभाराकडची मूठभर माती मिसळली.
मी दांडक्यानं ठेचायला लागणार, तोच वरून ओरडला,
"ठेचूलीस कशाला? निधान, निधान!
राख नाही अडवत ऊब,
राखेतली हवा अडवते."
हात हलका केला.
इतकं हलकं भरायचं काम
मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

कौलातलं भोक चार बोटं चुकलं.
चिमणी त्यामुळं अजून जरा लोंढ्याकडं झुकलेली आहे.

पहिल्यांदा नुसता कागद पेटवला.
ज्योत आडवी झाली, आत वाकली.
"ओढ लागली," दस्तगीर म्हणाला,
आणि शिडीवरच बिडी काढली.

रुजायमावशीनं सूर्यफुलावर हात टेकला.
आत फणस जळत होता
आणि तिचा हात तिथंच.
मग पदरानं डोळे पुसले,
सवयीनं. धूर नव्हता.

दस्तगीरनं मजुरी सोडली असं नाही.
दोनशे कमी घेतले
आणि दोन डझन पाव,
ज्यांना कसलाच वास नव्हता,
पावाचा सोडून.